दुबईवाल्या बायका आणि आक्कांची कॅप्सूल

आमच्याकडे किस्से साठायचं खरं कारण म्हणजे लाईट. आक्कांनी हौसेनं सगळ्या शिलाई मशिनींना मोटर बसवून घेतली होती. लाईट असली की शिवण, लाईट गेली की गप्पा. आणि सुरतेजवळच्या भेस्तानात त्या काळी लाईट इतक्या वेळा जायची, की आमच्याकडे कपड्यांपेक्षा किस्सेच जास्त तयार व्हायचे!

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी लग्न होऊन परभणीकडून सुरतेला आले. नवरा पांडेसऱ्याला कापडाच्या लूमवर. घरात बसून कंटाळले, म्हणून आक्कांकडे शिवायला जायला लागले. किराणा दुकानाच्या वर एक लांबट खोली, तिथे आक्कांचं लेडीज टेलरिंग. आक्का पारोळ्याच्या. गिऱ्हाइकाशी गुजराती, आमच्याशी मराठी आणि राग आला की अहिराणी! अकोल्याकडची प्रमिला काज-बटण, हातशिलाई करायची. तिच्या हातापेक्षा तोंड जलद चालायचं. आणि चौथे आक्कांचे यजमान, तात्या. ते कापड रंगवायच्या डाइंग हाऊसमध्ये कामाला होते. येता-जाता खोलीत डोकवायचे आणि काहीतरी बोलून शिव्या खाऊन जायचे.

*

एक दिवस उधन्याची फाल्गुनी आली. आक्कांनी तिचा शाळेचा युनिफॉर्म शिवला होता, आता पोरीचं लग्न झालं होतं. नवरा दुबईला, हिला दोन महिन्यांनी जायचं होतं. तिथे तिची नणंद आधीपासून राहत होती. तिनं फोनवर बजावलं होतं, "बॅगा भरभरून आणू नकोस. कपाट छोटं आहे. कॅप्सूल वॉर्डरोब करून आण!"

"आक्का, मला कॅप्सूल पाहिजे," फाल्गुनी म्हणाली.

आक्कांनी चष्म्यावरून बघितलं. "काय होतंय बाळा? पोटात दुखतंय?"

मग फाल्गुनीनं समजावलं. मोजकेच कपडे करायचे, पण असे की कुठलाही वरचा कुठल्याही खालच्यावर चालला पाहिजे. कुडता सलवारीवर चालेल, तोच पँटवर चालेल, तोच पायघोळ स्कर्टवर चालेल. ओढणी एकच, सगळ्यांवर. तिथे आग ओकणारं ऊन, म्हणून सगळं सुती, सैल आणि फिकट. म्हणजे कपडे थोडे, पण रोज वेगळे दिसतात.

आम्ही तिघी ऐकत होतो. प्रमिलाला राहवलं नाही.

"म्हणजे दोन-चारच कपडे, तेच आलटून पालटून घालायचे?"

"हो!"

"अन् त्याले कॅप्सूल म्हणतात?"

"हो ना!"

"बाप्पा! आमच्याकडे त्याले गरिबी म्हणतात!"

*

ऑर्डर तर घेतली. आता कापड! तुम्ही म्हणाल, सुरतेत कापडाला काय तोटा? तोटा कशालाच नाही, फक्त सुतीला. सगळं गाव पॉलिएस्टरवर जगणारं. इथे सुती मागणं म्हणजे हलवायाच्या दुकानात कारलं मागणं!

आक्का, फाल्गुनी आणि मी मार्केटमध्ये गेलो. पहिल्या दुकानदारानं चमकणारं कापड पुढे टाकलं. "आ जुओ बेन, कॉटन जेवुंज छे!"

"कॉटनसारखं नको. कॉटन पाहिजे," आक्का म्हणाल्या.

"प्युअर कॉटन छे!" त्यानं त्याच कापडाचा धर्म बदलला.

आक्कांनी कडेचे दोन धागे ओढून काढले, पर्समधून काडेपेटी काढली आणि तिथेच काडी ओढली! सुती असेल तर धाग्याची राख होते, पॉलिएस्टर असेल तर वितळून मणी होतो. मण्याला वेळ लागला नाही, पण दुकानदार त्याच्याही आधी उडाला.

"आ शुं करो छो, बेन? आखी मार्केट सळगावशो के शुं?"

चारी बाजूंनी माणसं धावत आली. आम्ही दुसऱ्या दुकानात पोचायच्या आत बातमी तिथे पोचली होती. तिसऱ्या दुकानात तर आम्हाला बघितल्याबरोबर मालकानं हात जोडले, "बेन, आमच्याकडे सगळं नकली आहे. काडी पेटवू नका!"

शेवटी एका भल्या म्हाताऱ्यानं सांगितलं, जुन्या शहरात अमुक गल्लीत जा, पांढरं चोख सुती मिळेल. गेलो. काळोखं दुकान, पण मलमल अशी की हातात घेतली तर हाताला गार लागावी! आक्कांनी धागा जाळला, पांढरी राख झाली. आक्कांच्या तोंडावर आनंद मावेना.

दुकानातल्या माणसानं हलक्या आवाजात विचारलं, "उंची किती होती?"

मी दुकानात नीट बघितलं. कोपऱ्यात मडकी, सुतळी, गुलालाच्या पुड्या. मी आक्कांना कोपर मारलं.

पण फाल्गुनी कापड अंगाला लावून बघत होती. मापासाठीच विचारतोय असं वाटून तिनं ताठ उभं राहून सांगितलं, "पाच फूट दोन इंच. आणि थोडं जास्तच द्या, धुतल्यावर आटतं!"

*

कापड घरी आलं. सगळं पांढरं चालणार नव्हतं, म्हणून आक्कांनी निम्मं कापड चहाच्या पाण्यात उकळून छान बदामी करून घेतलं. तात्या कामावरून आले तर घरात चहाचा घमघमाट आणि प्यायला कपभर चहा नाही!

"हाई काय शे?" त्यांनी पातेल्यात डोकावून विचारलं.

"दुबई," आक्का म्हणाल्या.

सुती कापड आहे म्हटल्यावर तात्या चिडलेच. ज्या पॉलिएस्टरनं घर चाललं त्याच्या घरात सुती! कामावर तोंड कसं दाखवायचं? पण आक्कांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. पहिला कुडता नमुन्याला म्हणून सैल शिवला होता. तो दुबईच्या उन्हात टिकेल का, अंगाला चिकटेल का, हे कळायचं कसं? सुरतेत दमट उकाडा, तिकडे भट्टी. आक्कांनी तात्यांकडे बघितलं. तात्या ज्या मशीनवर काम करायचे तिच्यातून ओलं कापड गरम हवेत सुकत बाहेर पडायचं. तिच्याजवळ उभं राहणं म्हणजे दुबईच!

"मी नही घालनार," तात्या म्हणाले. "बायकांचा झगा!"

"शर्टच्या आत घाल. कोण देखस तुले?"

दोन दिवस भांडण झालं. तिसऱ्या दिवशी तात्या गुपचूप कुडता घालून गेले. गळ्याला लेस होती, बाजूला कट होते. दुपारपर्यंत शर्ट खुंटीवर गेला आणि नुसता कुडता राहिला, कारण शर्ट सहन होईना आणि कुडता अंगावर आहे हेच कळेना!

संध्याकाळी आम्ही तिघी निकालाची वाट बघत बसलो होतो. तात्या आले, पण एकटे नाही. मागे डाइंग हाऊसचे चार-पाच बाप्ये, लाजत लाजत जिन्यात उभे.

"काय रे, काय झालं?" आक्का घाबरल्याच.

त्यांच्यातला एक मिशावाला पुढे आला. मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, आमचं पण माप घ्या. तात्यासारखंच पाहिजे. फक्त लेस जरा बारीक लावा."

*

फाल्गुनीचे कपडे तयार झाले. पांढरे, बदामी, मातकट, एक नीळ घालून फिकट निळा. आम्हाला फार आवडले. बघायला तिची आई आली, कांताबेन. रुखवत मांडावं तसे ते कपडे आक्कांनी टेबलावर मांडले. कांताबेन बघत राहिल्या आणि एकदम त्यांचे डोळे भरून आले.

"नवी नवरी आहे माझी! यात लाल नाही, हिरवा नाही, चमक नाही. आ तो विधवानुं पोटलुं छे!"

फाल्गुनी म्हणाली, "बा, तिथे असंच घालतात." कांताबेन म्हणाल्या, "तिथे कोणी मेलं की काय?" आम्ही तिघी खाली बघायला लागलो. कापड कुठून आणलं ते वाटेत फाल्गुनीला सांगितल्यावर, आईला कळू द्यायचं नाही, अशी तिनं आम्हाला शपथ घातली होती. प्रमिलाला हसू आवरेना, ती टाचणी शोधायला टेबलाखाली गेली ती बाहेरच येईना.

दुसऱ्या दिवशी कांताबेन एकट्याच आल्या. पिशवीतून स्वतःच्या लग्नात नेसलेलं लालभडक बांधणीचं घरचोळं काढलं. आक्कांचा हात धरून म्हणाल्या, "तिला सांगू नका. कुठेतरी लावा. दिसलं नाही तरी चालेल, पण माझी पोर लाल नेसल्याशिवाय परक्या गावात जाता कामा नये."

आक्कांचे हात थांबले. मग दिवसभर कात्री चालली. प्रत्येक कपड्याच्या आत, गळ्याला, बाह्यांना, घेराला आक्कांनी बांधणीचं अस्तर लावलं. वरून बदामी, आतून लालेलाल. प्रमिलानं त्यावर असा हात चालवला की आतली शिवण आणि बाहेरची शिवण ओळखू येऊ नये.

फाल्गुनी दुबईला गेली. पहिल्याच दिवाळीला नणंदेकडे पार्टी होती. सगळ्याजणी नटलेल्या आणि हिच्याकडे सगळं मातकट! रडायच्या बेतात आली, कुडता डोक्यावरून काढताना उलटा झाला, आणि आतली बांधणी दिसली. तिनं तो तसाच उलटा घातला!

नणंदेनं तिला विचारलं म्हणे, "एवढे कपडे त्या एका बॅगेत मावले कसे?"

*

आता तुम्हाला वाटेल, हिची गोष्ट संपली. कुठली! एका दुपारी खालून किराणावाल्यानं हाक मारली, "आक्का, फॉरेनचा फोन!"

आक्का पोलक्यात टाचण्या तशाच ठेवून जिना उतरल्या. मागून आम्ही. फोनवर फाल्गुनी.

"आक्का, मी कुडकुडतेय!"

"ताप आला का?"

"नाही हो! इथे बाहेर कोणी जातच नाही! घरात एसी, गाडीत एसी, दुकानात एसी, ऑफिसात तर बर्फ! तुमची मलमल घालून मी आखडलेय. एखादं जाड काहीतरी पाठवा ना!"

आक्का फोन ठेवून पायरीवर बसल्या. सुरतेत सुती मिळता मिळालं नव्हतं, आता सुरतेत स्वेटर कुठून आणायचा? गावात कोणाला थंडी म्हणजे काय ते ठाऊक नाही! शेवटी प्रमिलानं अकोल्याहून लोकर मागवून एक बदामी स्वेटर विणला, सगळ्यांवर चालेल असा. घामानं लोकर तिच्या बोटांना चिकटायची. पंख्याखाली बसून ती दुबईच्या नावानं बोटं मोडायची.

तात्या दारात टेकून हे सगळं बघत होते. समाधानानं मिशी पुसून म्हणाले, "मग पॉलिएस्टर काय वाईट व्हतं?"

*

फाल्गुनीमुळे आमचं नाव झालं. आखातात जाणाऱ्या बायका शोधत शोधत यायला लागल्या. त्यात एक सिंधू आली, नंदुरबारकडची. सुरतेत नर्स होती, तिला मस्कतला नोकरी लागली होती. पोरगी मुद्द्याची. म्हणाली, "रंग तुम्ही ठरवा, कट तुम्ही ठरवा. मला फक्त प्रत्येक कपड्याला खिसे पाहिजेत. दोन्ही बाजूंना."

त्या काळी बायकांच्या कपड्यांना खिसा म्हणजे नवलच. तिच्या बरोबर तिची आजेसासू आली होती. म्हातारीला ते अजिबात पटलं नाही. "बाईच्या जातीला खिसा कशाले पाहिजे?"

प्रमिलानं सुईत दोरा ओवता ओवता शांतपणे उत्तर दिलं, "हात ठेवाले, आजी. खिशात नाही ठेवला तर उठते तो!"

म्हातारीनं तिच्याकडे बघितलं. मग सिंधूकडे बघितलं. मग आक्कांना जवळ बोलावून हळूच म्हणाली, "माझ्या पोलक्याले बी एक लाव."

*

आणि आता सुलोचनाबाई. हा किस्सा सांगायचा म्हणजे आधी सगळ्यांनी हातातलं काम खाली ठेवावं.

सुलोचनाबाई पांडेसऱ्याजवळच्या मराठी शाळेत शिकवायच्या. नवरा, भास्करराव, दुबईत हॉटेलात कामाला. वर्षा-दोन वर्षांनी महिनाभर यायचे. सेंट, साबण, सुका मेवा वाटायचे आणि बाईंना सांगायचे, "पुढच्या खेपेला तुला नेतोच." बाई हौसेनं आमच्याकडे कपडे शिवायला टाकायच्या. पुढची खेप यायची, भास्करराव एकटेच परत जायचे. दोन पोरं मोठी झाली. बाईंचं माप बदललं, आम्ही शिवण उसवून कपडे सैल केले. आक्का उसवताना दोरा जरा जोरात ओढायच्या.

मग एका वर्षी भास्करराव आले ते कायमचेच. टीव्ही, मिक्सर, सगळं घेऊन. म्हणाले, "झालं तेवढं पुरे. आता घरी राहणार."

त्याच आठवड्यात बाई आमच्याकडे आल्या. "आक्का, कपडे तयार ठेवा. सुट्टी लागली की निघतेय."

"कुठे?"

"दुबईला. माझा भाऊ आता दुबईशेजारी शारजाला आहे. त्यानं व्हिसा पाठवलाय. महिनाभर राहून येते."

आमच्या मशिनी आपोआप थांबल्या. लाईट होती तरी!

दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला बाई आल्या तेव्हा मागे भास्कररावही होते. तोंड उतरलेलं. आक्कांनाच मध्ये घातलं. "आक्का, तुम्ही तरी समजवा हिला. मेमध्ये कोणी जातं का तिकडे? माणूस भाजून निघतो तिथे!"

"म्हणून तर सुती शिवलेत," बाई म्हणाल्या.

"अगं, पण मी आता इकडे आलोय! आता तिकडे आपलं कोण आहे?"

"भाऊ आहे ना."

"घरात पोरं, आई..."

बाईंची सासू पण जिना चढून आली होती. धापा टाकत खुर्चीत बसली आणि म्हणाली, "जाऊ दे तिले. इतकी वर्षं मी अन् तिनं मिळून तुझी वाट पाहिली. आता तू अन् मी मिळून तिची पाहू. तुले स्वयंपाक येतो ना? हॉटेलात शिकला असशील!"

बाईंनी तिथेच पडद्याआड जाऊन बदामी कुडता आणि पांढरी सलवार घालून बघितली. बाहेर आल्या तर आम्ही बघतच राहिलो. शाळेतल्या बाई कुठे गेल्या आणि या कोण आल्या! भास्कररावही बघत राहिले. त्यांनी ते कपडे तोवर कधी बघितलेच नव्हते.

मुंबईहून विमान होतं, म्हणून सुरत स्टेशनवर पोचवायला आम्ही सगळ्या गेलो. आक्का, प्रमिला, मी, बाईंची पोरं, सासू. बॅग भास्कररावांनी उचलली होती. एकच बॅग, हलकी. खिडकीपाशी बाईंना जागा मिळाली. आक्कांनी खिडकीतून हात घालून त्यांची ओढणी नीट केली. भास्कररावांनी शर्टच्या खिशातला स्वतःचा काळा गॉगल काढून दिला. म्हणाले, "ऊन फार असतं तिकडे." बाईंनी तो लगेच लावला. मला वाटलं, आता या रडणार.

गाडी हलली. भास्करराव खिडकीबरोबर चालायला लागले.

"अगं पण, महिनाभर तू तिथे करणार काय?"

बाईंनी खिडकीच्या गजाला गाल टेकवला आणि फलाटभर ऐकू जाईल अशा शाळेच्या आवाजात म्हणाल्या, "इतकी वर्षं तुम्ही काय करत होता, ते बघून येते!"

आम्ही सगळ्या खो खो हसलो. सासूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

भास्करराव मात्र गाडीमागे पळायला लागले.